अंधार कोणी केला?

दिवाळीत फराळाला पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघतो. चिवड्याची बशी हातात घेऊन कोणी साडू किंवा मामेसासरे विचारतात, "तुम्ही नेमके करता तरी काय?" शिक्षकाला, डॉक्टरला किंवा पोस्टातल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी इंजिनियर आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. कारण मी बांधलेला पूल कोणी पाहिलेला नाही, आणि मला घरचा पंखासुद्धा दुरुस्त करता येत नाही, हे आमच्या सौभाग्यवतींनी साऱ्या गोतावळ्याला सांगून ठेवले आहे. मग मी सांगतो, "कारखान्यांतली, वीजकेंद्रांतली, पाणीपुरवठ्याची यंत्रे आता संगणकाच्या हुकमाने चालतात. तो हुकूम भलत्याच माणसाने सोडू नये, म्हणून पाळत ठेवायची, हे माझे काम." साडू मान डोलावतात, चिवड्यातला खोबऱ्याचा काप शोधून तोंडात टाकतात आणि म्हणतात, "म्हणजे वॉचमन!"

मला या शब्दाचा राग येत नाही. माझे वडील तेच करीत. ते मुंबईच्या तानसा नळावर चावीवाले होते. मोठ्या नळांचे व्हॉल्व उघडण्या-मिटण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला चावीवाला म्हणतात, हे मुंबईकरांना ठाऊक असेल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले. आमचे घर शहापूरचे आणि आईचे माहेर मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याचे. तेव्हा माझ्या धंद्याचा इतिहास सांगायचा तर तो अमेरिकेपासून किंवा इराणपासून सुरू करण्याऐवजी मी आजोळापासून करतो. कोणी याला घरचा अभिमान म्हणेल. म्हणोत.

मुरबाड तालुक्यात २ जानेवारी हा दिवस अजून पाळला जातो. १९४३ साली या दिवशी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे, न्हाव्याच्या घरातले. शिकून वकील झालेले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याने कोणते काम हाती घ्यावे? घाटातल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे लोखंडी मनोरे पाडण्याचे. त्या काळी त्यांना सर्वजण 'पायलॉन' म्हणत. आमची आजी 'पायलन' म्हणे. लोखंड कापायची करवत घ्यायची, रात्री रानातून जायचे, मनोऱ्याचे पाय कापायचे आणि उजाडायच्या आत डोंगरात नाहीसे व्हायचे. एकामागून एक मनोरे कोसळू लागले, तेव्हा सरकार हादरले. शेवटी फितुरीने ठावठिकाणा कळला आणि सिद्धगडावर वेढा पडला.

आजोबा त्या वेळी ऐन पंचविशीतले. त्यांनी कोतवालांना पाहिले होते की नव्हते, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. पुढे स्वराज्य आले, पेन्शनी आल्या, ज्यांनी काही पाहिले नव्हते तेही पुष्कळ सांगू लागले. आजोबांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. त्यांचे एकच वाक्य मी लहानपणी अनेकदा ऐकले: "सकाळी मनोरा आडवा पडलेला असायचा. विचारायला लागायचं नाही, कुणी केलं म्हणून."

कोणी गैरसमज करून घेऊ नये. कोतवालांचे काम आणि आजच्या संगणकचोरांचे काम मी एका पंगतीत बसवीत नाही. तो परक्या राज्याशी उघड झगडा होता आणि त्याची किंमत त्यांनी प्राणाने मोजली. मला त्यातली एक गोष्ट इतिहास म्हणून महत्त्वाची वाटते. मोठ्या शहराची शक्ती शहरात नसते. ती दूरच्या रानातून तारांनी आणि नळांनी येते, आणि ती सारी वाट कोणालाही राखता येत नाही, हे आमच्या भागात १९४२ साली स्वच्छ दिसून आले. पण वाट तोडायला माणसाला तिथे जावे लागे. करवत, अंधार, पायांखालचा पाचोळा, पकडले गेलो तर काय ही धाकधूक, हे सारे त्यात आले. आणि सकाळी मनोरा आडवा दिसे.

मुंबईचे पाणीही असेच आमच्याकडून जाते. तानसा धरण १८९२ साली झाले. त्याचे इंजिनियर क्लार्क, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन. दीड मैलाहून लांब दगडी भिंत, आणि तिथून मुंबईपर्यंत पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने जायचे. या कल्पनेतला थाट मला अजून मोहवितो. पुढे १९५७ साली वैतरणेवर दुसरे धरण झाले. त्याला मुंबईचे सिटी इंजिनियर मोडक यांचे नाव देऊन 'मोडकसागर' म्हणू लागले. १९८० नंतर भातसा आली. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा. उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लावतात, आणि रांगेतल्या बायकांना मुंबईकडे जाणारा जाडजूड नळ समोर दिसत असतो. हा विषय निराळा आहे. पण तो न बोलता पुढे गेलो तर गावी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

वडिलांच्या कामात तीन गोष्टी होत्या: चावी, काठी आणि वही. चावी म्हणजे व्हॉल्व फिरवायचा लोखंडी दांडा. काठी लाकडी, तिचे एक टोक नळावर टेकवायचे आणि दुसरे कानाला लावायचे. आत पाणी सरळ चालले आहे की कुठे झिरपते आहे, हे आवाजावरून कळते. मला ते अनेकदा ऐकवीत; मला नुसती घुंऽऽ ऐकू येई. आणि वही. किती वाजता, कोणती चावी, किती फेरे, कोणाच्या सांगण्यावरून. सरकारी नोंदवही चौकीत राही. वडील घरी एक स्वतःची डायरी लिहीत, तीही तितक्याच काटेकोरपणे. हुकूम टेलिफोनवरून यायचा. एकदा मी विचारले, "भलत्याच कोणी फोन केला तर?" ते म्हणाले, "आवाज ओळखतो ना मी. आणि नवा आवाज असला तर साहेबाला उलट फोन करतो." माझ्या धंद्यातली निम्मी विद्या या दोन वाक्यांत आली. ती मी पुढे पैसे मोजून पुन्हा शिकलो.

आता यंत्र कुठे बिघडले ते सांगतो. १९६८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात रिचर्ड मॉर्ली नावाच्या इंजिनियराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पेटी तयार करायला घेतली. मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांचा क्रम ठरविण्यासाठी भिंतभर रिले आणि तारांची जाळी असत. मॉडेल बदलले की सारे उस्कटून पुन्हा जोडायचे. मॉर्लींच्या पेटीत तारा जोडण्याऐवजी सूचना लिहायच्या. तिला पुढे पी.एल.सी. हे नाव पडले. आज धरणाच्या दारापासून बिस्किटांच्या भट्टीपर्यंत जिथे काही आपोआप उघडते, फिरते किंवा तापते, तिथे बहुधा हीच पेटी असते. या पेट्यांना एकमेकींशी बोलता यावे म्हणून १९७९ साली 'मॉडबस' नावाची एक भाषा निघाली. फार साधी, फार उपयोगी भाषा. 'अमुक खणातला आकडा सांग', 'अमुक खणात तमुक आकडा लिही', एवढेच तिचे व्याकरण. पण बोलणारा कोण, हे विचारण्याची त्या व्याकरणात सोयच नाही. फोन आला, 'चार फेरे उघड' म्हणाला, उघडले. आवाज ओळखायचा नाही, उलट फोन करायचा नाही. माझ्या वडिलांनी अशा चावीवाल्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठविले असते.

यात मॉर्लीचा किंवा कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्या पेट्या एका खोलीत, एका भिंतीच्या आत बोलत होत्या. घरातल्या माणसांनी एकमेकांकडे ओळखपत्र कशाला मागायचे? पुढे खर्च वाचावा म्हणून, साहेबाला मुंबईत बसून मुरबाडचा पंप दिसावा म्हणून, ती खोली ऑफिसच्या संगणकांना जोडली, ऑफिस जगाला जोडले. घराची मागची भिंत पडली, पण घरातली माणसे पूर्वीसारखीच भोळेपणाने हाकेला ओ देत राहिली. औद्योगिक यंत्रांच्या सुरक्षेचा सारा इतिहास, खरे म्हणजे, या पडलेल्या भिंतीचा इतिहास आहे.

पहिली मोठी घटना अगदीच घाणेरडी आहे. फराळाच्या वेळी सांगू नये. २००० सालच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यातल्या मरूची या ठिकाणी सांडपाण्याचे पंप विनाकारण बंद पडू लागले, धोक्याच्या घंटा वाजेनाशा झाल्या, आणि सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत आणि एका हॉटेलच्या आवारात शिरले. आठवडेच्या आठवडे इंजिनियर यंत्रे तपासत होते. सर्वांची समजूत अशी की नवी यंत्रणा आहे, कुरकुर करणारच. प्रत्यक्षात ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला आणि तिथल्या पालिकेने नोकरी नाकारलेला एक तंत्रज्ञ मोटारीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरत होता आणि रेडिओवरून पंपांना हुकूम सोडीत होता. एप्रिलमध्ये तो पोलिसांना रस्त्यात सापडला. पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. कुलूप तोडले गेलेच नव्हते. आणि यंत्रे बिघडली आहेत की कोणी बिघडवतो आहे, हे ओळखायला इतके दिवस लागले, याने मला पहिल्यांदा आजोबांचे वाक्य आठवले.

दहा वर्षांनी, २०१० साली, 'स्टक्सनेट' उघडकीस आले. इराणमध्ये नतान्झ येथे युरेनियम समृद्ध करण्याची वेगाने फिरणारी यंत्रे होती, ती पी.एल.सी. चालवीत. बोटाएवढ्या पेनड्राइव्हमधून पसरणारा एक संगणकी विषाणू तिथे पोचला. तो फिरण्याचा वेग भलताच वाढवी, उतरवी आणि यंत्रे मोडी. पण त्याची खरी करामत निराळीच. यंत्रे ठीक चालली असतानाचे आकडे त्याने आधी टिपून ठेवले होते. मोडतोड चालू असताना तेच आकडे तो पहाऱ्यावरच्या माणसांना दाखवीत राही. समोरचा पडदा म्हणतो सर्व क्षेम, आणि पलीकडच्या दालनात यंत्र फुटते आहे. वडिलांच्या काठीला कान लावला तर काठीच खोटे बोलते आहे, असा हा प्रकार. तो विषाणू इराणपुरता राहिला नाही. ज्या देशांत तो सर्वांत जास्त संगणकांत सापडला त्यांत इराण आणि इंडोनेशियानंतर आपला क्रमांक होता. इथे त्याने काही मोडले नाही, कारण त्याला हवे होते ते यंत्र इथे नव्हते.

आणि मग आमच्या दारात ती वेळ आली. निदान आली असे वाटले.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. कोरोनाचे दिवस. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे दिवे एकदम गेले. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, इस्पितळे जनित्रांवर गेली, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि दोन हजार मेगावॉटहून अधिक भार नाहीसा झाला. मुंबईत वीज जात नाही, हा मुंबईकरांचा जुना अभिमान. बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने स्वतःला तोडून घेऊन आपल्या केंद्रांवर तरून राहावे, अशी बेटासारखी व्यवस्था तिथे आहे. त्या दिवशी बेटही टिकले नाही. आवश्यक सेवा दोन-तीन तासांत सुरू झाल्या; काही भागांत रात्रीपर्यंत अंधार होता.

हे घडले ते पडघा आणि कळवा यांच्या मधल्या वाहिन्यांवर. पडघा म्हणजे आमचा शेजार. शहापूरहून कल्याण-ठाण्याकडे निघालात की महामार्गावर लागते. चंद्रपूरच्या कोळशाची वीज ७५२ किलोमीटरच्या एकाच वाहिनीने १९९९ पासून इथे उतरते आणि इथून मुंबईच्या अंगाला जाते. त्या दिवशी ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले की कळवा-पडघा इथल्या एका सर्किटची देखभाल चालू असल्याने भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्यात बिघाड झाला. झाले, लोकांनी नशिबाला बोल लावून मेणबत्त्या विझविल्या.

पण २८ फेब्रुवारी २०२१ ला 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकन संस्थेने एक अहवाल काढला. गलवानच्या चकमकीच्या वर्षात चीनशी संबंधित एका टोळीने भारतातल्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांत आणि दोन बंदरांत शिरकाव केल्याचे त्यात होते. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात लिहिले होते. ते वाक्य वाचण्याइतका धीर फार थोड्यांना होता. लगोलग महाराष्ट्राचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला: वीजमंडळाच्या संगणकांत चौदा 'ट्रोजन हॉर्स' घुसविले गेल्याची आणि परदेशातून आठ जीबी माहिती आत आल्याची शक्यता. केंद्राचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, तो अंधार मानवी चुकीमुळे झाला, सायबर हल्ल्याने नव्हे. चीनने अर्थातच कानावर हात ठेवले.

एकच अंधार, आणि त्याची कारणे मुंबईत एक, दिल्लीत दुसरे. आजोबा असते तर त्यांना हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली असती. मनोरा उभाच आहे; मग दिवे कोणी घालविले?

या धंद्यात असल्यामुळे त्या मार्च महिन्यात मला जो तो विचारीत होता. माझे मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्यावे. देखभालीसाठी बंद ठेवलेले सर्किट, उरलेल्यावर पडलेला भार आणि न टिकलेले बेट, एवढ्या गोष्टी अंधाराला पुरेशा आहेत. त्याला चिनी माणूस लागत नाही. ऑफिसच्या संगणकात चोर शिरणे आणि वाहिनीचा खटका पडणे यांच्यामध्ये एक-दोन दारे असतात. ती दारे ओलांडल्याचा पुरावा जाहीर झालेला मी तरी पाहिला नाही. पण चोर घरात शिरलेच नव्हते, असेही नाही. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुकेंद्राच्या कचेरीतल्या एका संगणकात विषाणू सापडल्याचे त्या महामंडळाने स्वतः मान्य केले होते. यंत्रे चालविणारे संगणक निराळे असल्याने अणुभट्टीला धक्का लागला नाही. ओसरीपर्यंत आलेला चोर देवघरात गेला की नाही, हे पुढे ठरविता येते ते केवळ नोंदींवरून: कोणत्या मिनिटाला, कोणत्या यंत्राला, कोणी, कोणता हुकूम दिला. आणि या नोंदी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोण किती ठेवतो, हे मी वीस-पंचवीस वर्षे पाहत आलो आहे. सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. २०१४ मध्ये अशा महत्त्वाच्या यंत्रणांच्या रक्षणासाठी केंद्राने स्वतंत्र संस्था स्थापन केली, आणि मुंबईच्या अंधारानंतर, २०२१ च्या ऑक्टोबरात, वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेचे नियमही निघाले. नियमांत नोंदींबद्दल पुष्कळ आहे. नोंद करणाऱ्या माणसाबद्दल कमी आहे.

त्या माणसाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

२००९ सालची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मला तपासणीला बोलावले होते. तिथल्या जाळ्यावर कोणकोणती यंत्रे आहेत याची यादीच कोणाकडे नव्हती. मी माझा लॅपटॉप जोडला आणि ऑफिसच्या संगणकांवर नेहमी चालवितो तो कार्यक्रम सुरू केला. तो एकेका दारावर टकटक करून विचारतो, 'कोण आहे आत? कोणती दारे उघडी आहेत?' सज्जन संगणक उत्तर देतात. पण जुनी पी.एल.सी. म्हणजे खेड्यातली आजी. तिला आयुष्यात इतक्या घाईने इतके प्रश्न कोणी विचारलेले नसतात. ती गोंधळते आणि मटकन खाली बसते. तशी एक बसली. तिच्या हुकमावर थंड पाण्याचा पंप होता. पंप थांबला.

नियंत्रण-कक्षातल्या पडद्यावर आकडे गोठून राहिले. सगळे ठीकच दिसत होते. तिथला तरुण मुलगा पडद्याकडे पाहत होता. दाराशी उभा असलेला म्हातारा ऑपरेटर मात्र एकदम ताठ झाला. तो मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा, निवृत्तीला आलेला. म्हणाला, "आवाज गेला." आणि धावला. वळणाच्या नळावर एक हातचाक होते; वर्षानुवर्षे न फिरविलेले, गंजलेले. त्याने मोठ्याने मोजत ते फिरविले, चौदा फेरे. टाकीवरून पाणी उताराने आले. पाऊण तासाने पी.एल.सी. पुन्हा चालू झाली. कोणाला इजा नाही, मालाची थोडी नासाडी. पण आणखी दहा-पंधरा मिनिटे गेली असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी त्या रात्री केला आणि अर्धवट सोडून दिला.

अहवालात 'कारण' असा एक रकाना होता. तिथल्या साहेबांनी स्वतःच सुचविले, "तांत्रिक बिघाड लिहा. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही." मी लिहिले. सही केली. माझा टकटक करणारा कार्यक्रम मीच पुसून टाकला. त्याची नोंद कुठेही नव्हती. खरे सांगायचे तर मला त्या क्षणी लाज वाटली नाही, सुटल्यासारखे वाटले.

घरी आल्यावर वडिलांना सगळे सांगितले. ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले, ऐकू कमी येऊ लागलेले. मला दोनदा सांगावे लागले, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्याहून वाईट वाटले. ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून डायऱ्यांचा गठ्ठा काढला, बराच वेळ पाने उलटली आणि एक पान माझ्यापुढे केले. मी तिसरीत असतानाचे साल. पेन्सिलीने लिहिले होते: 'पहाटे ३-२०. चावी दोन फेरे जास्त फिरली. झोप लागली होती. माझी चूक. साहेबांस फोनवरून कळविले.'

"मग साहेब काय म्हणाले?" मी विचारले.

"चार दिवसांचा पगार कापला," वडील म्हणाले. "पण नळ कुठे फुटला ते त्यांना शोधत बसावं लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि रकाना दुरुस्त करून घेतला. त्या लोकांनी पुढची दोन वर्षे मला बोलाविले नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलाविले नसते.

पुढे युक्रेनमधली घटना घडली तेव्हा मला तो म्हातारा फार आठवला. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या तीन वीजवितरण कंपन्यांत चोर शिरले. ऑपरेटर समोर बसलेले असताना पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक खटका पाडू लागला. त्यांना माउस हलविताही येईना. सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात. पण काही तासांत दिवे आले. ते आले कारण माणसे गाड्यांत बसून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी खटके हातांनी लावले. तिथली यंत्रणा जुनी होती, हात अजून सरावलेले होते. आपल्याकडे आता माणसाविना चालणारी उपकेंद्रे वाढत आहेत. ते चांगलेच आहे, सोयीचे आहे. पण कुठे हातचाक दिसले की मी आधी त्याला वंगण आहे का ते पाहतो, आणि मग विचारतो, हे किती फेऱ्यांचे आहे? बहुतेकदा कोणालाच ठाऊक नसते.

सगळेच संकट चोरांकडून येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २६ फेब्रुवारी २०२४ ला पिसे येथे, भातसेचे पाणी उचलून पांजरापूरला नेणाऱ्या पंपांच्या ठिकाणी, ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि मुंबईला काही दिवस पंधरा टक्के पाणीकपात सोसावी लागली. साधा अपघात. तानसेचे पाणी मात्र त्या दिवसांतही आपल्या उताराने चाललेच होते, १८९२ पासून चालते तसे.

वडील जाऊन आता दहा वर्षांवर झाली. डायऱ्या माझ्याकडे आहेत. काठी धाकट्या भावाने नेली. त्या कारखान्याने मला पुन्हा बोलाविले त्याला बराच काळ लोटला. हल्ली तिथे तीन महिन्यांतून एकदा पडदे मुद्दाम बंद करतात आणि दोन तास सारे काम हातांनी चालवितात. तरुण मुले पहिल्यांदा हसत होती. आता फेरे मोजतात आणि वहीत लिहितात. म्हातारे ऑपरेटर निवृत्त झालेत, ऐंशीच्या घरात आहेत, पण त्या दिवशी त्यांना गाडी पाठवून आणवतो. ते चाकाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि बाराव्या फेऱ्याला कोणी थांबला की ओरडतात. यंदाची पाळी भाऊबीजेनंतरच्या बुधवारी आहे. त्यांनी निरोप धाडला आहे की येताना चिवडा आणा, पण खोबरे घालू नका. दात राहिलेले नाहीत.